जीवरसायनशास्त्र व रेणवीय जीवविज्ञान : अभ्यासाची वाट

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी ही वस्ती आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच वाटेने पुण्यात येते. २०२० साली मात्र कोविडच्या साथीमुळे पायी वारी निघाली नाही. पादुका बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत विश्रांतवाडीच्या शेजारच्या येरवड्यासह पुणे शहरातील पाच प्रभागांतून १,६६४ व्यक्तींच्या रक्ताचे नमुने घेण्यात आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, पुणे महानगरपालिका आणि अन्य संस्था यांच्या सहकार्याने ही पाहणी झाली. या प्रभागांतील सुमारे ५१.५ टक्के लोकांना विषाणूची बाधा होऊन गेली असावी, असा निष्कर्ष तीतून निघाला. यांपैकी बहुसंख्य लोकांना आपण आजारी होतो याची जाणीवही झाली नव्हती.

डोळ्यांना न दिसणारी आणि रुग्णालाही न जाणवलेली ही गोष्ट रक्ताच्या काही थेंबांवरून कशी कळली, या प्रश्नाचे उत्तर जीवरसायनशास्त्र आणि रेणवीय जीवविज्ञान या दोन शास्त्रांत आहे. साथीच्या काळात त्यांच्या चाचण्यांची नावे घरोघरी पोचली. तथापि ही शास्त्रे नेमकी कोणती, ती विद्यापीठात कशी शिकविली जातात आणि त्यांकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणती तयारी करावी, याविषयी पालकांना व विद्यार्थ्यांना पुरेशी माहिती नसते.

दोन चाचण्या, दोन शास्त्रे

नाकातील अथवा घशातील स्रावावर केली जाणारी आरटी-पीसीआर चाचणी ही रेणवीय जीवविज्ञानाची देणगी होय. कोरोना विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनए या रेणूत साठविलेली असते. चाचणीत प्रथम एका एंझाइमाच्या साहाय्याने त्या आरएनएपासून डीएनए तयार करतात. नंतर मिश्रण आळीपाळीने तापवून व थंड करून त्या डीएनएच्या प्रती काढल्या जातात. प्रत्येक आवर्तनात प्रतींची संख्या जवळजवळ दुप्पट होते. एका रेणूपासून आरंभ केला, तर ३० आवर्तनांनंतर १०७ कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. त्यामुळे अत्यल्प प्रमाणात असलेला विषाणूही ओळखता येतो.

ही पद्धत कॅरी मलिस यांनी १९८३ साली शोधली व १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मिश्रण ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागत असल्याने त्या उष्णतेत टिकणारे एंझाइम आवश्यक होते. ते उष्ण झऱ्यांत वाढणाऱ्या एका जीवाणूत सापडले. अमेरिकेतील यलोस्टोन येथील झऱ्यांत राहणाऱ्या या जीवाणूचे वर्णन १९६९ साली प्रसिद्ध झाले, त्या वेळी त्याचा रोगनिदानाशी काही संबंध येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

पुण्यातील पाहणीत वापरलेली चाचणी मात्र निराळी होती. तीत विषाणूचा शोध घेतला जात नव्हता. शरीराने विषाणूविरुद्ध निर्माण केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेतला जात होता. प्रतिपिंडे ही प्रथिने होत. अशा चाचणीत विषाणूचे प्रथिन प्लॅस्टिकच्या तबकडीतील लहान खळग्यांत बसवितात व त्यावर रक्तद्रव घालतात. रक्तात प्रतिपिंडे असल्यास ती त्या प्रथिनाला चिकटतात. मग एंझाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात आणि रंग येतो की नाही हे पाहतात. प्रथिनांचे परस्परांशी होणारे बंध आणि एंझाइमांच्या विक्रिया हा जीवरसायनशास्त्राचा विषय आहे.

पहिली चाचणी विषाणूचा अंश आता शरीरात आहे काय हे सांगते, तर दुसरी बाधा पूर्वी होऊन गेली काय हे सांगते. हा भेद न कळल्याने त्या काळात अनेकांचा गैरसमज झाला. प्रतिपिंडे आढळली म्हणजे आता धोका नाही, अशी समजूत करून घेणे चुकीचे होते. शिवाय ५१.५ टक्के हा आकडा पाच प्रभागांचा होता, सर्व शहराचा नव्हता. २०२१ साली आलेल्या दुसऱ्या लाटेने पुण्यास पुन्हा ग्रासले. तोपर्यंत विषाणूच्या जनुकांतही बदल झाले होते. हे बदल वाचण्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये देशातील दहा प्रयोगशाळांचा एक गट स्थापन करण्यात आला. त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा व राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा समावेश होता.

महाराष्ट्रातील परंपरा

जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासाची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. कमला सोहोनी यांचे कार्य या संदर्भात आवर्जून सांगण्यासारखे आहे. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. त्या वेळचे संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही, तेव्हा एक वर्षासाठी सशर्त प्रवेश देण्यात आला. त्यांचे काम पाहून पुढे त्या संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही उघडले. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखविले होते.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करताना त्यांनी नीरा, कडधान्ये इत्यादी सामान्य जनतेच्या अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घेतला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. रोजच्या आहारातील प्रश्न हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, हा त्यांच्या कार्याचा धडा आजच्या विद्यार्थ्यालाही उपयुक्त आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

या विषयांचा पाया रसायनशास्त्रात आहे. कर्बोदके, मेद, प्रथिने व न्यूक्लिक आम्ले यांची रचना. आम्लता व तिचे नियमन. एंझाइमांच्या विक्रियांचा वेग. अन्नापासून ऊर्जा निर्माण होण्याचे टप्पे, हा जीवरसायनशास्त्राचा प्राथमिक भाग होय. डीएनएची नक्कल कशी होते, त्यावरील संदेश आरएनएमध्ये कसा उतरतो आणि त्यानुसार प्रथिने कशी बनतात, हा रेणवीय जीवविज्ञानाचा गाभा आहे. वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची दुपेडी रचना मांडल्यानंतर या शास्त्राची वेगाने वाढ झाली. जनुकीय संकेताचा उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञांत भारतात जन्मलेले हरगोविंद खुराना हे होते. त्यांना १९६८ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. या संकेतात ६४ त्रिके आहेत. त्यांपैकी ६१ त्रिके २० अमिनो आम्लांसाठी असून उरलेली तीन प्रथिनाची साखळी थांबविण्याची सूचना देतात.

ही माहिती केवळ परीक्षेपुरती नाही. विदर्भातील व नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा आजार याचे ठळक उदाहरण आहे. हिमोग्लोबिनाच्या जनुकातील एका त्रिकात एकच अक्षर बदलते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या बदलाने तांबड्या पेशी प्राणवायूच्या अभावी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला तीव्र वेदना होतात. जनुकातील बदल रेणवीय जीवविज्ञान सांगते व प्रथिनाच्या वर्तनातील फरक जीवरसायनशास्त्र दाखविते. या आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. गावोगावी रक्ततपासणी करून तिचा अर्थ कुटुंबाला समजावून सांगणारी शिक्षित माणसे त्यासाठी हवी आहेत.

प्रयोगशाळेतील शिस्त

पाठ्यपुस्तके वाचून हे विषय आत्मसात होत नाहीत. मिलिलिटरचा हजारावा भाग अचूक मोजणे, द्रावणे तयार करणे, विद्युत्‌क्षेत्राच्या साहाय्याने डीएनएचे तुकडे वेगळे करणे, या कृती हाताला सरावानेच येतात. प्रत्येक प्रयोगासोबत तुलनेचे नमुने ठेवावे लागतात. ज्यात डीएनए नाही हे निश्चित माहीत आहे, त्या नमुन्यातही प्रती तयार झाल्या, तर कोठेतरी भेसळ झाली आहे असे समजून सर्व निष्कर्ष बाजूला ठेवावे लागतात. अशा चुकीची प्रामाणिक नोंद वहीत करणे हाही शिक्षणाचा भाग आहे. कारण पुढे त्या नमुन्यामागे एखादा रुग्ण उभा असतो.

म्हणून महाविद्यालय निवडताना विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाच्या आकर्षक नावावर न जाता तेथे प्रात्यक्षिके प्रत्यक्ष स्वतःच्या हाताने करावयास मिळतात काय, याची चौकशी करावी.

प्रवेश व पुढील संधी

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला या शाखेकडे वळता येते. गणित शक्यतो सोडू नये. विक्रियांचा वेग आणि जनुकक्रमांचे विश्लेषण यांसाठी त्याची गरज पडते. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञान यांपैकी कोणतीही पदवी पुढील अभ्यासाला उपयोगी पडते. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बारावीनंतरच पाच वर्षांच्या संयुक्त अभ्यासक्रमाची सोय असून त्यासाठी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते.

केवळ पदवीच्या बळावर संशोधनाचे काम सहसा मिळत नाही, हे आरंभीच लक्षात घेणे हिताचे. त्यासाठी एम.एस्‌सी. व बहुधा पीएच.डी.पर्यंतचा दीर्घ काळ द्यावा लागतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास कुटुंबावरील भार बराच हलका होतो. औषधे व लसी तयार करणारे कारखाने, रोगनिदान प्रयोगशाळा, अन्नतपासणी, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि अध्यापन ही कामाची इतर क्षेत्रे आहेत.

पुण्यातील विद्यार्थी या बाबतीत सुदैवी म्हटला पाहिजे. विश्रांतवाडीहून मुळा नदी ओलांडून खडकीमार्गे गणेशखिंडीस गेले की विद्यापीठ लागते. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र त्याच आवारात आहे. पलीकडे पाषाण येथे १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी इंग्रजी ग्रंथांची धास्ती वाटते. ही अडचण खरी असली तरी दुर्लंघ्य नाही. मराठी विश्वकोशातील नोंदी व शासनाचे परिभाषा कोश यांच्या आधारे प्रथम संकल्पना आपल्या भाषेत समजून घ्यावी व नंतर इंग्रजी संज्ञा तिला जोडावी. उलट दिशेने पाहता, रक्ततपासणीचा निष्कर्ष आजी-आजोबांना सोप्या मराठीत समजावून सांगता आला, तर विषय खरोखर कळला असे मानण्यास हरकत नाही. २०२० च्या साथीत अशा समजावून सांगणाऱ्यांची उणीव फार जाणवली. येरवडा-विश्रांतवाडीच्या वस्त्यांतून विद्यापीठाकडे जाणाऱ्या मुलामुलींकडून ती भरून निघावी, ही अपेक्षा गैर ठरू नये.