रक्त पातळ करणारें औषध व घरचे उपचार

एकत्र कुटुंबांत आजारी माणसाची काळजी वाहणारे हात पुष्कळ असतात, हें त्याचें भाग्यच होय. परंतु कांहीं विकारांत हेच प्रेमळ हात नकळत घात करूं शकतात. अशाच एका विकाराकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

देहाचें रक्षण करणारी शक्ति कधीं कधीं स्वकीयांवरच उलटते. ल्यूपस हा त्या जातीचा रोग असून तो बहुधा तरुण स्त्रियांस जडतो. यांपैकीं कित्येकींच्या रक्तांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ति उत्पन्न होते. ल्यूपस नसतांही ती आढळते. १९८३ सालीं लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनीं तिचें स्वरूप वर्णिलें. तिला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. पायाच्या शिरेंत गुठळी, अर्धांगवायु, वारंवार गर्भपात हे तिचे परिणाम. एकदां गुठळी झाली कीं बहुधा जन्मभर वॉरफरीन किंवा त्याच जातीचें असेनोकुमॅरोल घ्यावें लागतें.

या औषधाची कुळकथा बोधप्रद आहे. १९२० नंतरच्या दशकांत उत्तर अमेरिकेंत स्वीट क्लोव्हर नांवाचा बुरसलेला चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनें त्यांतील द्रव्य शोधून काढलें. त्यावरूनच बनविलेलें वॉरफरीन १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें व १९५४ सालापासून माणसांचें औषध झालें. विष आणि औषध यांतील अंतर केवळ मात्रेचें! ती मात्रा आय.एन.आर. नांवाच्या रक्तपरीक्षेनें ठरते. निरोगी माणसाचा आंकडा १ च्या आसपास असतो; अशा रोग्याचा बहुधा २ ते ३ ठेवितात.

हा तोल ढळावयास फारसें कांहीं लागत नाहीं. सांधे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिल्यास पोटांत रक्तस्राव होऊं शकतो. आंवेवरील मेट्रोनिडाझोल व गजकर्णावरील फ्लुकोनॅझोल यांनीं आंकडा चढतो. क्षयावरील रिफँपिसिननें तो उतरतो. वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडून द्यावा. गुरें मेलीं तीं चाऱ्यानेंच. आमटींतील हळदीचें वा फोडणींतील लसणीचें भय नाहीं. परंतु त्यांच्या कॅप्सूल, काढे किंवा गिंको डॉक्टरांस न विचारतां देऊं नये. पालक, मेथी यांत के जीवनसत्त्व विपुल असून तें औषधाच्या उलट काम करतें. म्हणून त्या भाज्या वर्ज्य नव्हेत. मात्र त्यांचें प्रमाण नेहमीं सारखें असावें.

याउलट, भीतीनें किंवा उपास म्हणून गोळी परस्पर बंद केल्यास गुठळीचें संकट ओढवतें. घरांतील सुनेस हें औषध चालू असेल, तर दिवस राहण्यापूर्वींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वॉरफरीन गर्भास अपायकारक असल्यानें त्याऐवजीं हेपारिनचीं इंजेक्शनें देतात. संकोचानें ही गोष्ट लपविणें घातक होय.

यास्तव आमची सूचना इतकीच : सर्व औषधें, काढे व रक्तपरीक्षेचे आंकडे यांची एक वही ठेवावी, ती घरांतील एकाच्याच हातीं असावी व प्रत्येक डॉक्टरांस आणि वैद्यांस दाखवावी. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा किंवा डोक्यास मार, यांपैकीं कांहीं घडल्यास घरगुती उपाय न करतां तत्काळ रुग्णालय गांठावें. प्रेमास माहितीची जोड मिळाली, तरच तें रोग्याचें रक्षण करतें.