पाटीवरची पेन्सिल आणि तिची धूळ

विजयादशमीस पाटीवर आंकड्यांची सरस्वती काढून तिचें पूजन करण्याचा परिपाठ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पाटीस गंध-फूल मिळतें, पेन्सिलीसहि मिळतें. परंतु ती पेन्सिल कोणीं घडविली, हा प्रश्न आम्हीं उभा जन्म शाळेंत घालवूनहि कधीं मनास विचारिला नव्हता. विचारल्यावर जें उत्तर हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

या पेन्सिलींचें माहेरघर म्हणजे माळव्यांतील मंदसोर. कालिदासाचा मेघ ज्या दशपुरावरून जातो, तेंच हें नगर. वत्सभट्टि कवीनें रचिलेला तेथील इ. स. ४७३ चा शिलालेख संस्कृतज्ञांस ठाऊक आहेच. लाट देशांतून आलेल्या रेशीम विणणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीनें तेथें सूर्यमंदिर बांधिलें व पुढें त्याचा जीर्णोद्धार केला, असें त्यांत वर्णिलें आहे. त्या कारागिरांची कीर्ति पाषाणावर राहिली. त्याच नगराच्या परिसरांतील पेन्सिल कापणाऱ्यांच्या नशिबीं मात्र पाषाणच छातींत सांठवून घेणें आलें.

हें कसें घडलें? पेन्सिलीचा दगड थरांचा व मऊ असतो. त्यांत स्फटिकरूप सिलिका, म्हणजे गारगोटीचा व वाळूचा मुख्य घटक, पुष्कळ असते. विजेवर गरगर फिरणाऱ्या करवतीनें त्याच्या कांड्या कापूं लागतांच धुळीचे लोट उठत. डोळ्यांस दिसणारी धूळ बहुधा नाकांत व घशांत अडकते. घातक ती न दिसणारी. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनहि लहान असे तिचे कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोंचतात. शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशी त्यांस गिळतात, परंतु पचवूं शकत नाहींत. त्या स्वतःच मरतात आणि कण पुन्हां मोकळे होतात. या झगड्यांत फुप्फुसाच्या नाजूक भागीं व्रणासारख्या कठीण गांठी बनत जातात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. आरंभीं चढण चढतांना धाप लागते. शेवटीं अंथरुणावर पडल्या पडल्याहि श्वास पुरत नाहीं. अशा फुप्फुसांस क्षयरोग लवकर गांठतो, कर्करोगाचें भयहि वाढतें. काम सोडल्यावरहि रोग पुढें सरकूं शकतो, आणि तो समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं पेन्सिलीच्या धंद्यांतील ५९३ कामगार तपासले. १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें त्यांपैकीं शेंकडा ५४.६ जणांस हा रोग जडलेला होता. त्यापूर्वीं १९८२ मध्यें मध्यप्रदेश शासनानें या कामगारांच्या कल्याणनिधीसाठीं स्वतंत्र कायदा केला होता. निधि हवाच, परंतु तो विधवेच्या पदरांत पडतो, गेलेला श्वास कोणाच्या छातींत परत घालीत नाहीं.

“आतां पाट्या मागें पडल्या, तेव्हां आमचा याशीं काय संबंध?” असें कोणी म्हणेल. संबंध आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोंचला आहे. घराची दुरुस्ती निघाली कीं ग्रॅनाइटचा ओटा येतो, नवी फरशी येते, आणि दारांत बसून एक तरुण कटरनें तीं कोरडींच कापीत असतो. आपण दारें-खिडक्या लावून घेतों, कपाटांवर चादरी टाकतों, आणि त्याला चहा पाठवितों. त्याच्या तोंडाला एखादा रुमाल, बस्स! हल्लीं ओट्यासाठीं क्वार्ट्झचा कृत्रिम दगडहि वापरूं लागले आहेत. त्यांतील सिलिकेचें प्रमाण फार मोठें असतें. तो कापणाऱ्या तरुण कामगारांत हा रोग आढळूं लागल्यावर ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली.

उपाय कांहीं गूढ नाहींत. कापतांना पात्यावर पाण्याची धार ठेविली म्हणजे धूळ उडण्यापूर्वींच बसते. कारखान्यांत ती उगमापाशींच ओढून घेणारीं यंत्रें बसवितां येतात. रुमालानें ते सूक्ष्म कण अडत नाहींत. चेहऱ्यास घट्ट बसणारा योग्य मुखवटाच पाहिजे. काम झाल्यावर कोरडा झाडू न मारतां जागा ओल्या फडक्यानें पुसावी.

पाण्यामुळें चिखल होतो, वेळ लागतो, कारागीर दोन पैसे अधिक मागतो, हें खरें. परंतु ते दोन पैसे वांचविण्याच्या आपल्या हट्टाचा भार त्याच्या छातीवर पडतो. घरांतील वडील मंडळींनीं काम सुरू होण्यापूर्वींच “बाबा रे, पाणी मारून काप, त्याची मजुरी आम्ही देऊं” असें सांगावें. आणि पुढील दसऱ्यास पाटीपूजनाच्या वेळीं लेकरांस मंदसोरच्या त्या कारागिरांची हकीकत सांगावी. त्यांच्या श्वासाच्या मोलानें आपण ‘श्री’ गिरविला आहे.