आधी थांबवायची तयारी, मग पळवायची



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खतांचे हप्ते आणि खोडव्यातील पाचट याबद्दल लिहितो. या अंकात विषय वेगळा आहे. आपल्या गटातील तरुण पोरे हल्ली घरच्या घरी गाड्या बनवू लागली आहेत. कुणी जुन्या स्कूटरला हौदा जोडतो, कुणी पाण्याच्या इंजिनावर गाडा चालवून बघतो. वेळेला मजूर मिळत नाही, बैलजोडी सांभाळणे परवडत नाही आणि छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले तरी कर्ज काढावे लागते. तेव्हा पोरांचे डोके चालते आहे, हे चांगलेच आहे. पण २०२३ च्या आडसाली लागणीत अशाच एका गाडीने आमची झोप उडवली. त्यात माझाही दोष होता. म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

मुंबईचे यंत्र गावाला आले

एका सभासदाचा मुलगा आयटीआय करून दोन वर्षे गिरगावात एका गॅरेजमध्ये कामाला होता. राहायला लालबागला, मामाच्या खोलीवर. दक्षिण मुंबईत क्लब आणि जिमखाने पुष्कळ. त्यांची मैदाने हिरवीगार ठेवायची तर गवत कापावे लागते, आणि त्यासाठी बसून चालवायची यंत्रे असतात. दिसायला अगदी लहान ट्रॅक्टर. पुढे पेट्रोल इंजिन, मध्ये सीट, पोटाखाली फिरणारे पाते. असे एक बाद झालेले यंत्र या मुलाला भंगारात मिळाले. पात्याचा डबा गंजून गेला होता, पण इंजिन ठणठणीत होते. त्याने ते टेम्पोत घालून गावी आणले.

बेणेमळ्यातून लागणीच्या रानात बेणे वाहायचे, खताची पोती न्यायची, संध्याकाळी वैरण आणायची, असा त्याचा बेत होता. त्याने पात्याचा डबा काढून टाकला. मागे लोखंडी अँगलचा हौदा केला. मूळची चाके लहान, ती सरीत रुततात, म्हणून रिक्षाची चाके बसवली. यंत्र माणसाच्या चालीपेक्षा थोडे जास्त पळायचे, ते त्याला हळू वाटले. इंजिनावरची पुली मोठी केली, गिअरबॉक्सवरची लहान केली. गाडी दुप्पट पळू लागली.

मी गटात फिरतीवर असताना त्याने मला ती दाखवली. मी बसून एक फेरी मारली आणि शाबासकी दिली. किती पोती वाहते, पेट्रोल किती खाते, हे सगळे विचारले. ब्रेक कसा आहे, हे मात्र विचारले नाही.

त्या दिवशी काय झाले

जुलैचा शेवटचा आठवडा होता. हौद्यात बेण्याच्या मोळ्या रचल्या होत्या आणि वर त्याची सहा वर्षांची पुतणी हौसेने बसली होती. पाटाच्या भरावावरून खाली उतरताना मागून 'कट्ट' असा आवाज आला. गाडीने वेग घेतला. पोराने ब्रेक दाबला, काहीच होईना. गिअर टाकून बघितला, तरी काही नाही. खाली लागणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या. त्याने हँडल चारीकडे वळवले आणि गाडी चारीत कलंडली. बाया वाचल्या. पोरगी बाजूला फेकली गेली आणि तिचा उजवा हात मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर होते.

इंजिन चालू, बेल्ट जागेवर, ब्रेकची तारही शाबूत. मग ब्रेक लागला का नाही? गावात कुणाला उलगडा होईना. शेवटी त्याच्या मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "फोनवर निदान नको. मागचा ॲक्सल खोलून इकडे घेऊन या. साहेबांनाही आणा."

लालबागची वाट

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही दोघे ॲक्सल गोणपाटात गुंडाळून एसटीने मुंबईला गेलो. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडची आणि कोकणची किती तरी घरे परळ-लालबागच्या गिरण्यांवर जगली, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. मामा तरुणपणी गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा धड चालली नाही. पुढे ते तिथेच एका वर्कशॉपला लागले आणि वय झाले तरी गणपतीच्या दिवसांत अजून जातात.

आम्ही गेलो तेव्हा गणपती तीन आठवड्यांवर आले होते. लालबाग-परळला मोठमोठ्या मूर्ती लोखंडी ट्रॉलीवर उभ्या असतात. जाड चॅनेलचा सांगाडा, ट्रकची चाके आणि वळवायला स्टिअरिंग. ही ट्रॉलीसुद्धा घरगुती गाडीच म्हणायची, फक्त इंजिनाऐवजी तिला माणसे ओढतात. मामा एका ट्रॉलीखाली पडून ब्रेक तपासत होते. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "साहेब, इथं शंभर माणसं ओढायला मिळतात. थांबवायला एक ब्रेक असतो. म्हणून आम्ही आधी ब्रेक बघतो, मग मूर्ती चढवतो."

त्यांनी ॲक्सल उघडला आणि चिमट्याने एक तुकडा बाहेर काढला. तो तुटलेला खिळा होता.

खिळ्याने घात केला

आता हे नीट समजून घ्या. या यंत्राचे मागचे चाक ॲक्सलवर चावीने अडकवलेले असते. चावी म्हणजे पोलादाचा चौकोनी तुकडा. ॲक्सलमधल्या आणि चाकाच्या तुंब्यामधल्या खाचेत तो बसतो आणि ॲक्सलबरोबर चाक फिरवतो. मुलाने रिक्षाची चाके बसवताना मापाची चावी मिळेना, म्हणून घरातल्या खिळ्याचा तुकडा ठोकला होता. चाकाचा घेर वाढला की चावीवरचा ताण वाढतो, त्यात बेण्याचे ओझे आणि उतार. खिळा तुटला आणि ते चाक मोकळे झाले.

पण चाके तर दोन होती. दुसऱ्याने गाडी का धरली नाही? ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना हे चटकन समजेल. एक चाक चिखलात गरगर फिरते तेव्हा दुसरे जागचे हलत नाही. ती डिफरन्शियलची करामत. इथे तेच उलटे झाले. या यंत्राचा ब्रेक चाकावर नसतो, गिअरबॉक्सच्या एका लहान दांड्यावर असतो. ब्रेकचा जोर डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांकडे जातो. एक बाजू मोकळी झाली की सगळा जोर तिकडून निसटतो. एक खिळा तुटला आणि ओढही गेली, ब्रेकही गेला. गिअर टाकून उपयोग झाला नाही तो याच कारणाने.

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, ते केवळ कोपऱ्यात वळायला नव्हेत. ते डिफरन्शियलच्या पलीकडे, चाकाच्या बाजूला असतात. गवताच्या यंत्राला तशी गरज पडत नाही, कारण ते एक माणूस घेऊन सपाट हिरवळीवर हळू चालते. त्याला आपण भरावावर बेण्याच्या ओझ्याने पळवायला लागलो, तर दोष यंत्राचा नाही.

वेगाचा हिशोबही मामांनी सांगितला. इंजिनाचे ३,००० फेरे, त्यावर ४ इंची पुली आणि गिअरबॉक्सवर ८ इंची, तर गिअरबॉक्सला १,५०० फेरे मिळतात. दोन्ही पुल्या ६ इंची केल्या की ३,००० मिळतात, म्हणजे वेग दुप्पट. पण वेग दुप्पट झाला की तेवढाच ब्रेक लावून थांबायला जागा साधारण चौपट लागते. पुली बदलायला अर्धा तास पुरतो. ब्रेक चौपट करायला कोण बसतो?

गिरणीतला पाहुणा

मामांना एक गंमत सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग यांनी १८३० साली काढले. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणारे यंत्र होते, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. मामा हसले. "म्हणजे गिरणीतनंच आलेला पाहुणा की हा. म्हणून माझ्याकडे आला."

त्या यंत्राचे वेड पुढे बरेच वाढले. अमेरिकेत १९५६ साली आर्ट इंगल्स यांनी गवताच्या यंत्राला लागणारे लहान इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवले आणि गो-कार्ट ही शर्यतीची छोटी गाडी जन्माला आली. इंग्लंडात ससेक्समधल्या विसबरो ग्रीन या खेड्यात १९७३ पासून चक्क गवताच्या यंत्रांच्या शर्यती सुरू झाल्या. पण त्यांचा नियम बघा. पाते काढल्याशिवाय मैदानात प्रवेश नाही, आणि चालक सीटवरून पडला तर इंजिन आपोआप बंद झाले पाहिजे. हौशी लोकांनीही सुरक्षा आधी ठेवली. आपल्या पोराने सीटखालचे नेमके तेच स्विच, गाडी सारखी बंद पडते म्हणून, दोन तारा जोडून निकामी केले होते.

पुन्हा जोडणी

दुसऱ्या दिवशी मामांनी आम्हाला बाजार दाखवला. बेल्ट, बेअरिंग आणि चावीचे पोलाद नागदेवी स्ट्रीटला घेतले. मोटारीच्या सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसकडे गेलो आणि तिथे जुन्या रिक्षाचे ब्रेक ड्रम जोडीने मिळाले. मग वर्कशॉपमध्ये मामांनी सांगितले आणि पोराने हाताने केले:

१. दोन्ही चाकांना खाचेच्या मापाच्या पोलादी चाव्या.
२. दोन्ही मागच्या चाकांवर स्वतंत्र ड्रम ब्रेक आणि दोन्हींना एक पायडल. शिवाय उभी गाडी धरून ठेवायला हाताचा ब्रेक.
३. पुल्या मूळच्या मापाच्या. इंजिनाच्या गव्हर्नरला हात लावायचा नाही. गव्हर्नर काढला की फेरे हाताबाहेर जातात, कनेक्टिंग रॉड तुटतो आणि फ्लायव्हील फुटू शकते.
४. सीटखालचे स्विच पुन्हा चालू.
५. बेल्टवर पत्र्याची जाळी. हे सांगताना मामांनी स्वतःचा डावा हात पुढे केला. करंगळी अर्धीच होती. गिरणीतल्या बेल्टने नेलेली.
६. हौदा खाली घेतला, म्हणजे ओझे खाली राहून गाडी कलंडणार नाही.

सातवी गोष्ट मी सुचवली. या इंजिनाचा सायलेन्सर खालच्या बाजूला असतो आणि तापून लाल होतो. खोडव्यातल्या वाळल्या पाचटावर अशी गाडी उभी केली तर फड पेटायला वेळ लागणार नाही. म्हणून सायलेन्सरला पत्र्याचे आवरण केले आणि पाचटाच्या रानात गाडी न्यायची नाही असे ठरवले.

रस्त्यावर मात्र नको

घरी गाडी बनवण्याची परंपरा आपल्याच पट्ट्यातली आहे. सातवीपर्यंत शिकलेले इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' ही छोटी मोटार तयार केली आणि पुढे कित्येक वर्षे तिचे सुधारित नमुने केले. १२,००० रुपयांत ती सामान्य माणसाला मिळावी अशी त्यांची इच्छा होती, पण कारखाना काही उभा राहिला नाही. सांगली जिल्ह्यात यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण नियमात न बसल्याने ती रस्त्यावर अडवली जाईल हेही सांगितले. त्या गाडीच्या बदल्यात त्यांनी लोहारांना बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिली. प्रत्येकाला असा बदला मिळणार नाही.

कायदा स्पष्ट आहे. राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'जुगाड' गाडीही मोटार वाहनच आहे असा निकाल दिला. म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे तिला नोंदणी हवी आणि विमा हवा. घरगुती गाडीची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणून विमा नाही. रस्त्यावर कुणाला धक्का लागला तर भरपाई जमीन विकून द्यावी लागेल. म्हणून ही गाडी आपल्या बांधाच्या आत. डांबरी ओलांडायची नाही, आणि ऊस घेऊन काट्यावर तर आणायचीच नाही.

सभासदांना विनंती

गाडी बनवणाऱ्या पोराला रागावू नका. त्याला एवढेच सांगा की पहिली चाचणी रिकाम्या गाडीने घ्यायची, दुसरी निम्म्या ओझ्याने. उतारावर इंजिन बंद करून, गिअर सोडून, फक्त ब्रेकवर गाडी धरते का हे बघायचे. जवळ लाकडी ठोकळे ठेवायचे. आणि हौद्यात माणूस, विशेषतः लेकरू, कधीही बसवायचे नाही.

त्या पोरीचा हात आता बरा आहे. शाळेत जाते, लिहिते. गाडीजवळ मात्र अजून येत नाही. गाडी चालू आहे आणि २०२४ च्या लागणीत तिने सगळे बेणे वाहिले. आधीपेक्षा हळू, पण काम तेवढेच झाले.

आपल्याकडे कुणी अशी गाडी केली असेल तर मला गट कार्यालयात जरूर कळवा, मी येऊन बघेन. या वेळी पहिल्यांदा ती थांबवून दाखवा. शाबासकी त्यानंतर.

आपला,
ऊस विकास अधिकारी