अग्रदीप, मोटारगाडीचे : मानके व त्यांचे पालन

अंधारात रस्ता दिसावा म्हणून मोटारगाडीच्या पुढील भागी बसविलेल्या दिव्यास अग्रदीप (हेडलाइट) म्हणतात. परावर्तक, प्रकाश देणारा दीप, पुढील काच किंवा भिंग आणि झोताची दिशा जुळविण्याचे स्क्रू हे त्याचे मुख्य भाग होत. त्यापासून दूरवर पोहोचणारा वरचा झोत (अप्पर) आणि समोरून वाहन येत असताना वापरावयाचा खालचा झोत (डिपर) असे दोन झोत मिळतात. चालकास रस्ता पुरेसा दिसावा, पण समोरच्याचे डोळे दिपू नयेत, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा खालच्या झोताकडून असतात. सुरक्षा-मानके या दोहोंमधील मर्यादा ठरवितात.

मानकांचे स्वरूप : दिव्यासमोर २५ मी. अंतरावर उभा पडदा कल्पून त्यावरील काही बिंदूंसाठी किमान, तर काहींसाठी कमाल प्रकाशतीव्रता ठरविलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या विनियम क्र. ११२ अनुसार ५० मी. अंतरावरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांच्या स्थानी खालच्या झोताची तीव्रता ३५० कँडेलांहून अधिक असता कामा नये. भारतात वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने हा बिंदू झोताच्या उजव्या अंगास येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ प्रमाणे ८ मी. अंतरावर व जमिनीपासून १·५ मी. उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस दिवा दिपविणारा नसावा. चारचाकी वाहनांवरील दिव्यांच्या बसवणुकीसाठी एआयएस-००८ व दिव्यांच्या कार्यमानासाठी एआयएस-०१० ही मानके आहेत.

नमुना आणि उत्पादन : मान्यतेसाठी मोजक्याच नमुन्यांची चाचणी होते, कारखान्यातून मात्र तेच दिवे लाखोंच्या संख्येने बाहेर पडतात. साच्याची झीज, परावर्तकावरील लेपातील फरक, तंतूच्या स्थानातील मिलिमीटरच्या अंशाएवढा बदल यांमुळे कोणतेही दोन दिवे तंतोतंत सारखे नसतात. म्हणून प्रत्येक दिव्याने प्रत्येक बिंदूवर अचूक मूल्य द्यावे, अशी अट व्यवहार्य ठरत नाही. विनियम क्र. ११२ मध्ये उत्पादनातून उचललेल्या दिव्यास सर्वसाधारणपणे २० टक्के प्रतिकूल विचलनाची मुभा आहे. वर उल्लेखिलेल्या दिपविणाऱ्या बिंदूसाठी ती १७० कँडेला आहे. ही मुभा उत्पादनातील अपरिहार्य फरकांसाठी असून मूळ आराखडा ३५० कँडेलांच्या मर्यादेतच बसावा लागतो. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात अमलात आलेल्या संघीय मानक क्र. १०८ नुसार सरकार आगाऊ मान्यता देत नाही. उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो आणि दिवा मानकाशी जुळेल अशा तऱ्हेने आराखडलेला असावा, असा तेथील दंडक आहे. भारतात आगाऊ मान्यतेची पद्धत आहे. नियम १२६ खालील चाचणी संस्थांपैकी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही एक होय. मान्यतेनंतरही उत्पादन मूळ नमुन्याशी जुळते की नाही, याची तपासणी एआयएस-०३७ प्रमाणे होते.

रस्त्यावरील स्थिती : प्रयोगशाळेत दिवा स्थिर असतो, रस्त्यावर तो वाहनाबरोबर कलतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातून कसारा घाटाकडे जाणारा मुंबई–नाशिक मार्ग आणि मुरबाड तालुक्यातून माळशेज घाट चढणारा कल्याण–अहिल्यानगर मार्ग यांवर मालमोटारी, जीपगाड्या, दुचाकी व पादचारी एकत्र येतात. अग्रदीप जमिनीपासून ७५ सेंमी. उंच व झोताचा उतार १ टक्का असल्यास झोताची वरची कड ७५ मी. अंतरावर रस्त्यास टेकते. मागील बाजूस माल वा माणसे भरल्याने पुढचा भाग तेवढ्याच प्रमाणात उचलला गेला, तर ही कड क्षितिजसमांतर होते आणि थोड्याशा चढावरही झोताचा तेजस्वी भाग समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. ताशी ६० किमी. वेगाने परस्परांकडे येणारी दोन वाहने ५० मी. अंतर सुमारे दीड सेकंदात कापतात. दिपलेली दृष्टी पूर्ववत होण्यास तेवढा अवधी पुरत नाही. पावसाळ्यात माळशेज घाटातील धुक्यात वरचा झोत जलकणांवरून विखुरून चालकाकडेच परततो. म्हणून तेथे खालचाच झोत उपयोगी पडतो.

बदललेले भाग व देखभाल : मान्यता संपूर्ण दिव्यास असते. ६०/५५ वॉटच्या हॅलोजन दीपाऐवजी १००/९० वॉटचा दीप बसविल्यास, किंवा तंतूसाठी आराखडलेल्या परावर्तकात एलईडी दीप घातल्यास प्रकाशाचे प्रमाण वा उगमस्थान बदलते आणि मूळ चाचणीचा आधार उरत नाही. परिवहन वाहनांची योग्यता-तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी होते व तीत अग्रदीपही पाहिले जातात. खाजगी मोटारी व दुचाकी यांची नोंदणी मात्र पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते. तोवर झोत योग्य राखण्याचा भार मालकावरच असतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे अग्रदीप इंजिन चालू असेतो पेटलेलेच राहतात, त्यामुळे तेथे या काळजीचे महत्त्व वाढले आहे. सपाट जागी भिंतीपासून १० मी. अंतरावर नेहमीच्या भारासह वाहन उभे करून पाहिल्यास, १ टक्का उताराच्या खालच्या झोताची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंमी. खाली पडली पाहिजे. ती वर पडत असल्यास स्क्रू फिरवून झोत खाली आणावा लागतो.