घरचा कुत्रा आणि आयकराची वजावट

मार्च जवळ आला की शाळेच्या कार्यालयात फीच्या पावत्यांची दुसरी प्रत मागण्यासाठी पालकांची ये-जा सुरू होते. त्यातच एक प्रश्न हल्ली कानावर येतो : मुलांच्या फीवर आयकरात सूट मिळते, मग घरच्या कुत्र्याच्या लसी, डॉक्टर आणि खाणे यांवर का मिळू नये? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुत्रा पाळणे आता स्वस्त राहिलेले नाही आणि ज्या घरात तो असतो, तिथे तो घरातलाच एक असतो.

तरीही उत्तर ‘नाही’ असेच आहे. पगारदाराला आपल्या खर्चातून हवे ते वजा करता येत नाही. कायद्याने ज्याचे नाव घेतले आहे, तेवढेच वजा होते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०सी मध्ये दोन मुलांच्या शिक्षण शुल्काचे नाव आहे, तेही इतर बचतींसह दीड लाखाच्या मर्यादेत. त्यातही विकास निधी आणि देणगी धरली जात नाही. आरोग्य विम्याच्या कलमात पती-पत्नी, मुले आणि आई-वडील आहेत. कुत्रा कुठेच नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून जी नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात तर फीचीही सूट नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण घरखर्च हा घरखर्चच राहिला.

व्यापाऱ्यांची गोष्ट वेगळी. सांवेर रोडवरचा कारखाना किंवा सियागंजातले गोदाम राखण्यासाठी कुत्रा ठेवला असेल, तर त्याचे खाणे आणि औषधपाणी हा धंद्याचा खर्च ठरू शकतो. अट एकच : खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला असावा. बिले फर्मच्या नावाची हवीत आणि कुत्रा खरोखर तिथेच राहत असला पाहिजे. १९६१ च्या कायद्यात तर धंद्यात वापरलेले जनावर मेले किंवा कायमचे निकामी झाले, तर त्याच्या किमतीतून जे हाती आले ते वगळून उरलेली रक्कम वजा करण्याची सोय होती. बैल, घोडा आणि कुत्रा, सगळे एकाच रांगेत!

इथेच काही जण सल्ला देतात, “घरच्या कुत्र्याचाही खर्च दुकानाच्या खात्यात टाका, कोण बघतो?” रविवारी दुकानात नेल्याने घरचा लाडका कुत्रा राखणदार होत नाही. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवले, तर त्यावरील कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. विवरणपत्रावर सही सल्लागाराची नसते, आपली असते.

एक बाब मात्र मला खटकते. अमेरिकेत अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याचा खर्च वैद्यकीय खर्चात धरतात. आपल्याकडे जुन्या करप्रणालीत अपंग करदात्याला ७५ हजार, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास सव्वा लाख, अशी ठरावीक वजावट आहे. प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे त्यात पाहिले जात नाही. आपल्याकडे असे कुत्रे फारसे दिसत नाहीत, तरी कायद्याने याचा विचार करायला हवा.

आता देणगीविषयी, कारण थंडीत आपली मुले प्राण्यांच्या आश्रयगृहासाठी पोती, जुनी ब्लँकेटे आणि तांदूळ गोळा करतात. जुन्या करप्रणालीत ८०जी ची मान्यता असलेल्या संस्थेला पैसे दिले, तर मर्यादेत राहून साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते. वस्तूंवर ती मिळत नाही. दोन हजारांपेक्षा अधिक रोख दिली, तर त्यावरही नाही. वर्गाच्या डब्यात जमलेल्या पैशांची पावती कोणा एका पालकाच्या नावे करता येत नाही. विश्वस्त मंडळींनाही तशी विनंती कृपया करू नये. ज्यांना वजावट हवी, त्यांनी आपले नाव आणि पॅन क्रमांक देऊन चेकने किंवा ऑनलाइन थेट संस्थेलाच रक्कम द्यावी आणि तिच्याकडून देणगीचे प्रमाणपत्र घ्यावे. ब्लँकेटे मात्र धुऊन, वर्गशिक्षकांकडे आणून द्यावीत.