पाईपलाईन टाकण्यापूर्वी : पाईप किती इंची घ्यावा?



दिवाळी झाली की आपल्या कार्यक्षेत्रात पाईपलाईनची कामे सुरू होतात. कर्ज काढून विहिरीचे, नदीचे पाणी रानात आणले जाते. पण पाईप किती इंची घ्यायचा, हे शेजाऱ्याने कोणता घेतला यावर ठरते, नाहीतर दुकानात कोणता शिल्लक आहे यावर. तीन फूट खोल गाडलेला पाईप वर्षाच्या वर्षाला बदलता येत नाही. झालेली चूक पुढे बरीच वर्षे भोगावी लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातील एका सभासदाने दोन हजार फूट, म्हणजे सुमारे ६०० मीटर, तीन इंची (९० मि. मी.) लाईन टाकली. पाण्याची उचल ५० फूट, मोटार ५ अश्वशक्तीची. शेतात २०० लिटरचे बॅरल भरायला २८ सेकंद लागत. उन्हाळ्यात पाळी लांबली आणि खोडवा करपला. मग त्यांनी साडेसातची मोटार बसवली. बॅरल २३ सेकंदांत भरू लागले, एवढेच. "साहेब, मोटार दीडपट केली, पण पाणी काय वाढंना!" रोग मोटारीत नव्हता, पाईपात होता. लाईन टाकण्यापूर्वी त्यांनी मला विचारले होते आणि मी हिशेब न करताच "चालेल" म्हणालो होतो. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, पाणी किती हवे? उसाला सरी भिजवून एका पाळीला ८ सें. मी. पाणी धरले, तर एकराला सुमारे सव्वातीन लाख लिटर लागते. सेकंदाला १० लिटर पाणी मिळाले तर एक एकर नऊ तासांत भिजतो. पाच एकरांना ४५ तास. रोज आठ तास वीज धरली, तर पाळी सहा दिवसांत फिरते. म्हणजे पाच एकरवाल्याला १० लिटरचा प्रवाह पुरतो. विहिरीला तेवढे पाणी आहे की नाही, हे मात्र आधी पाहावे.

दुसरी गोष्ट, घर्षण. पाणी पाईपाच्या भिंतीला घासत जाते आणि त्यात मोटारीची ताकद खर्च होते. व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण सुमारे तीस पट होते. प्रवाह दुप्पट केला तर साडेतीन पटीच्या वर जाते. म्हणूनच बारीक पाईपावर मोठी मोटार बसवून फारसा उपयोग होत नाही.

वरच्याच ६०० मीटर लाईनीतून, १५ मीटर उचलीवर, सेकंदाला १० लिटर पाणी न्यायचे झाल्यास अंदाजे हिशेब असा (पंप व मोटारीची मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरून) :

९० मि. मी. (तीन इंची) : घर्षण २२ मीटर, मोटार १० अश्वशक्ती.
११० मि. मी. (चार इंची) : घर्षण ८ मीटर, मोटार साडेसात अश्वशक्ती.
१४० मि. मी. (पाच इंची) : घर्षण अडीच मीटर, मोटार ५ अश्वशक्ती.

पाणी तेवढेच, रान तेच, पण मोटार दहाची की पाचची हे पाईप ठरवतो. शिवाय एप्रिल २०२४ पासून राज्यात मोफत विजेची सवलत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांनाच आहे. पाईपात वाचवलेला पैसा दहाच्या मोटारीच्या बिलात जाईल, हेही ध्यानात घ्यावे.

मग सगळ्यांनीच जाड पाईप घ्यावा काय? तसेही नाही. पाण्याचा वेग सेकंदाला एक ते दीड मीटर असावा. वेग फार कमी झाला तर नदीच्या पाण्यातला गाळ पाईपात बसतो आणि पैसाही विनाकारण गाडला जातो. वेग फार वाढला तर घर्षण वाढते आणि वीज गेल्यावर पाण्याचा दणका बसून सांधे निखळतात. वरच्या उदाहरणात चार इंची पाईप या हिशेबात नेमका बसतो. लाईन याहून लांब असेल किंवा विहीर खोल असेल, तर पाच इंचीचा विचार करावा.

आणखी तीन गोष्टी सांगतो. पी. व्ही. सी. पाईपाचे माप बाहेरून असते. ४ किलो दाबाच्या पाईपापेक्षा ६ किलोच्या पाईपाची भिंत जाड, म्हणून आतला व्यास थोडा कमी. ४ किलो म्हणजे ४० मीटर उंचीचा दाब. तुमची उचल आणि घर्षण मिळून त्याच्या जवळ जात असेल, तर ६ किलोचाच घ्यावा. दुसरे, काठावरच्या पंपाचा ओढीचा पाईप पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठा व शक्य तितका आखूड ठेवावा. पंप पाण्यापासून सहा मीटरपेक्षा उंच बसवू नये. तिसरे, लाईनीच्या उंचवट्यावर हवेचा व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर अडकलेली हवा चार इंची पाईपाचा तीन इंची करते.

पाईप खरेदी करण्यापूर्वी चार आकडे कागदावर लिहून आणावेत : लाईनीची लांबी, पाण्यापासून रानापर्यंतची उंची, भिजवायचे एकर आणि विहिरीला उन्हाळ्यात टिकणारे पाणी. गट कार्यालयात शेती मदतनिसाकडे द्यावेत. हिशेब करून देऊ. या खेपेस "चालेल" असे तोंडी उत्तर मिळणार नाही.

– ऊस विकास अधिकारी