सँडहर्स्ट रोड : माडीवरचं स्टेशन

आमच्या पेणचं स्टेशन जमिनीवर आहे, रोह्याचंही. त्यामुळे स्टेशन म्हटलं की ते जमिनीवरच असणार, अशी आमच्याकडच्या माणसाची साधी समजूत. ती मोडते मुंबईत, सँडहर्स्ट रोडला. पनवेलला गाडी बदलून हार्बरची लोकल धरलेला माणूस डोंगरीत नातलगांकडे जायचं म्हणून इथे उतरतो आणि बघतो तर काय, आपण कुणाच्या तरी चाळीतल्या वरच्या मजल्याच्या खिडकीसमोर उभे! पायांखालून गडगडाट येतो. वाकून बघावं तर खाली आणखी एक स्टेशन आणि त्यातून धावणारी आणखी एक गाडी.

हे स्टेशन माडीवर का चढलं, याची हकीगत सांगण्यासारखी आहे.

मुंबईची पहिली रेल्वे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ती शहराच्या मधून उत्तरेकडे निघाली. पुढे शहराचं पोट भरू लागलं ते पूर्वेच्या किनाऱ्यावर, गोदीत. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये सुरू झाला. त्यानंतर माझगाव, शिवडीपर्यंतचा सगळा किनारा धक्के, वखारी आणि कापसाच्या गोदामांनी भरत गेला. आमचे कोकणी मुसलमान खलाशी याच किनाऱ्यावर जहाज शोधत आले. धरमतर, रेवसकडून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि चालत डोंगरी गाठायची, हीच कित्येक वर्षं आमची वाट होती.  रोह्यापर्यंत रेल्वे आली ती थेट १९८६ मध्ये, आणि हार्बरची लोकल पनवेलला पोहोचली १९९८ मध्ये.

गोदीच्या बाजूने वेगळी लाइन हवी, हे जी.आय.पी. रेल्वेच्या लक्षात आलं होतं. डिसेंबर १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत गाडी सुरू झाली. हीच आजची हार्बर. पण ती रे रोडलाच संपत होती. पुढे व्हीटीपर्यंत न्यायची, तर मध्ये मेन लाइन आडवी.

इथे नकाशा डोळ्यांसमोर आणा. हार्बर लाइन शहराच्या पूर्वेकडून येते. पण आजच्या सीएसएमटीला तिची जागा मेन लाइनच्या पश्चिमेला आहे, एक आणि दोन नंबरच्या फलाटांवर. म्हणजे मशीद बंदरच्या अलीकडे कुठे तरी हार्बरच्या रुळांना मेन लाइनचे रूळ ओलांडून या अंगाचं त्या अंगाला जायलाच हवं. ते जमिनीवरच ओलांडले असते तर दर वेळी एका गाडीला उभं ठेवून दुसरीला वाट द्यावी लागली असती. मेल गाड्या, मालगाड्या, लोकल, सगळ्यांचा खोळंबा. खाडी आडवी आली की आपण पूल बांधतो. तिथल्या इंजिनिअरांनी गाड्यांच्या खाडीवर पूल बांधला. डॉकयार्ड रोडकडून हार्बरचे रूळ उंचावरून आणले, सँडहर्स्ट रोडला मेन लाइनच्या डोक्यावरून नेले आणि मशीदला पुन्हा जमिनीवर उतरवले. डोंगरीला स्टेशन तर हवंच होतं. मग पुलावरच फलाट बांधले. खालच्या फलाटावर उभं राहिलं की वरचा मजला पेलणारे लोखंडी खांब दिसतात. ते १९२१ सालचे आहेत.

आता या जागेचा एक जुना गुण सांगतो. शेजारचा भाग उमरखाडी. मुंबई सात बेटांची होती, तेव्हा मुंबई आणि माझगाव या बेटांच्या मध्ये इथे खरोखरच खाडी होती. ती बुजवली, वर वस्ती झाली. नाव तेवढं ओलं राहिलं.

पूल झाला, पण त्याच्यावर चढायचं कसं? दोन्हीकडे उंच वस्ती, त्यामुळे लांबलचक चढाव काढायला जागा नाही. चढ उभाच राहिला. वाफेच्या इंजिनाला भरली गाडी घेऊन असा चढ जड जातो. एकटं इंजिन ओढणार, त्याचीच चाकं घसरणार. शिवाय धूर लोकांच्या खिडक्यांत. विजेच्या लोकलमध्ये मोटारी डब्यांखालीच असतात. जोर अनेक चाकांत वाटला जातो आणि गाडी सहज वर जाते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी निघाली, तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. ती हार्बर मार्गाने गेली. म्हणजे हिंदुस्थानातली विजेची पहिली रेल्वेगाडी सुटल्यावर थोड्याच वेळात हा चढ चढून डोंगरीच्या घरांसमोरून गेली. या गोष्टीची पाटी स्टेशनावर मोठ्या अक्षरांत असायला हवी, असं मला वाटतं.

स्टेशनाची रचना एवढीच: वर दोन फलाट, खाली दोन. वर हार्बर, खाली मेन लाइनची स्लो लोकल. फास्ट लोकल इथे थांबत नाही, भायखळा सोडलं की ती सीएसएमटीलाच उभी राहते. वरून खाली गाडी बदलायची तर जिने.

नावाचीही कथा आहे. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० मुंबईचा गव्हर्नर होता. १८९६ मध्ये प्लेग पसरला तो मांडवीच्या, म्हणजे इथल्याच शेजारच्या वस्तीतून. दाटीच्या गल्ल्यांत हवा खेळावी म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. ट्रस्टने घरं पाडून गिरगाव चौपाटीकडून डोंगरीपर्यंत रुंद रस्ता काढला, त्याला गव्हर्नरचं नाव दिलं. पुढे रस्ता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, स्टेशन मात्र सँडहर्स्टच राहिलं. २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने ते डोंगरी करावं असा ठराव केला. अखेरची मान्यता केंद्राकडून यावी लागते. टॅक्सीवाले पूर्वीपासून डोंगरीच म्हणतात.

उंचीचा हिशेब इथे पुन्हा एकदा करावा लागला. मध्य रेल्वेने जुनी १,५०० व्होल्टची वीज काढून २५,००० व्होल्टची आणली. तिच्या तारांना वर मोकळी जागा जास्त लागते. स्टेशनाजवळचा हँकॉक पूल बुटका होता. जानेवारी २०१६ मध्ये तो पाडला. नवा पूल लोकांना मिळाला २०२२ मध्ये. मधली सहा वर्षं डोंगरी-माझगावची माणसं, दप्तर घेतलेली पोरं, रूळ ओलांडून ये-जा करत होती आणि त्यात काही जीव गेले. गाड्यांना एकमेकींच्या आड येऊ नये म्हणून ज्या शहराने शंभर वर्षांपूर्वी माडी बांधली, त्याने माणसांसाठी एक पूल वेळेवर बांधू नये, हे मला पटत नाही.

आता पुढचा प्रश्न. मेन लाइनवर पाचवी-सहावी मार्गिका सीएसएमटीपर्यंत न्यायची आहे आणि तिथे जागा नाही. म्हणून हार्बरच्या गाड्या सँडहर्स्ट रोडलाच थांबवण्याचा विचार रेल्वेत चालल्याच्या बातम्या २०२४ च्या सुमारास आल्या. तसं झालं तर पनवेल, वाशी, चेंबूरहून फोर्टात कामाला जाणारी सगळी गर्दी या माडीवर उतरेल आणि स्लो लोकलसाठी खाली येईल. ज्या जिन्यांवरून आज डोंगरीपुरती माणसं उतरतात, त्यांवरून बारा डब्यांची एक गाडी रिकामी होत असताना मागची येऊन उभी राहील. तेव्हा मार्गिकेचा नकाशा पुरा करण्याआधी कुणी तरी सकाळी साडेनऊला तिथे जाऊन त्या जिन्यांची रुंदी मोजावी.